रिपीटमधला कुत्रा

हल्लीच्या चित्रांत कुत्रा दिसला की तो कुत्रा नसतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तो एकटेपणा असतो, नाहीतर शहर, नाहीतर सरकार. बडोद्याला एका प्रदर्शनात लाल भिंतीपुढे उभा असलेला तीन पायांचा कुत्रा पाहिला होता. मला वाटलं, बिचाऱ्याला टेम्पोनं उडवलं असेल. शेजारच्या कागदावर लिहिलं होतं की हा आपल्या काळाचा गेलेला तोल आहे. दुसऱ्या एका चित्रात जेवणाच्या टेबलाखाली कुत्रा होता आणि त्याचे डोळे माणसाचे होते. लोक त्याच्यापुढे मान तिरकी करून उभे होते. मला मात्र चीड आली. त्या मुक्या जनावराच्या पाठीवर किती ओझं टाकाल? गाढवं काय मेली होती?

चिडायचा मला तसा काही हक्क नाही. मी चित्रकार नाही. पर्वत पाटियाजवळच्या एका डिझाइन स्टुडिओत मी कापडाची डिझाइनं काढतो. साड्या, ड्रेस, बायका घरात घालतात ते गाउन. वडील नंदुरबारकडून सुरतेला लूमवर कामाला आले. मी लूमवर जाऊ नये म्हणून त्यांनी मला चित्रकला शिकू दिली, आणि मी लूमपासून जेमतेम दोन मजले वर पोचलो. खाली खडखडाट चालू असतो, वर आम्ही पडद्याला डोळे लावून बसतो.

आमच्याकडे सगळ्यात आधी शिकवतात ते रिपीट. डिझाइनचा एक चौकोन काढायचा. त्याची उजवी कड डाव्या कडेला आणि वरची कड खालच्या कडेला अशी जुळली पाहिजे की चौकोनाला चौकोन लावत गेलं तर सांधा दिसू नये. नक्षीच्या लाद्या बसवतात तसंच. उजवीकडे पान अर्धं कापलं गेलं तर उरलेलं अर्धं डावीकडून आत यायलाच हवं. मग कडोदऱ्याच्या मिलमध्ये ते ताग्यामागून तागे छापलं जातं, आणि फूल कुठे सुरू झालं, कुठे संपलं, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. माझं निम्मं आयुष्य असे सांधे लपवण्यात गेलं. आता तर संगणकाला नुसतं सांगितलं की तोच डिझाइन काढून देतो. आपली खुर्ची किती दिवसांची, हा विचार रोज जिना चढताना येतो आणि मी तो घरी बोलत नाही.

दुसरी गोष्ट शिकवतात ती तोंड बंद ठेवायची. सुरतेत डिझाइनला पाय फुटायला वेळ लागत नाही. माल बाजारात यायच्या आधी नमुना बाहेर दिसला की तेच फूल दुसऱ्याच्या ताग्यावर आधी छापून येतं. म्हणून आमच्यात कोणी विचारलं, हे कोणी काढलं, तर ‘माहीत नाही’ म्हणायची पद्धत आहे. नवा माणूस आला की आधी हे शिकतो, मग संगणक.

शाळेत मला चित्रकला शिकवणारे सर निवृत्त झाले आणि त्यांना दहा हत्तींचं बळ आलं. चारपाच जुन्या मित्रांना गोळा करून त्यांनी एक हॉल भाड्यानं घेतला आणि प्रदर्शन ठरवलं. विषय प्राणी. मला म्हणाले, “लोकांच्या अंगावर पुष्कळ घातलंस. आता एकदा तरी भिंतीवर लाव काहीतरी.”

मी हसण्यावारी नेलं, पण ते वाक्य आत जाऊन बसलं. मला एक चित्र हवं होतं जे आपल्या चौकटीपाशी संपतं. पुढे नाही, मागे नाही. खाली एका कार्डावर माझं नाव. एवढंच हवं होतं, पण फार हवं होतं.

कुत्रा काढतो म्हटल्यावर सर खूश झाले. “काढ, काढ. कुत्रा म्हणजे आजचा माणूस. भाकरीपुढे शेपूट हलवणारा.”

“सर, माझा कुत्रा फक्त कुत्रा असेल,” मी म्हणालो.

“बघू,” सर म्हणाले.

माझ्या डोळ्यापुढे जो कुत्रा होता तो आमच्या कोसाडच्या बिल्डिंगमध्येच होता. तळमजल्यावर एक काकू राहतात, अमळनेरकडच्या. त्यांनी पाळलेला तपकिरी कुत्रा जिन्याच्या लोखंडी कठड्याला बांधलेला असतो. आधी तो मोकळा फिरायचा. मग त्यानं लोकांच्या बाइकच्या सीटा फाडल्या, आणि बिल्डिंगवाल्यांनी सांगितलं की महापालिकेची गाडी बोलावू. काकूंनी त्याच दिवशी साखळी आणली. तेव्हापासून कोणी जिना उतरलं की तो उठतो आणि साखळी ताणून, मान पुढे काढून, वाटेकडे बघत राहतो. भुंकत नाही. नुसता बघतो.

मी चित्रासाठी त्याच्यापुढे रेंगाळायला लागलो तेव्हा काकू दारातून म्हणाल्या, “काय देखी ऱ्हायना भाऊ? वाईट दिखस ना? पन त्याले सोडं ते गाडीवाला लई जातीन.”

म्हणजे सोडला तर गाडीवाले नेतील. बांधला म्हणून वाचला. हे मला फार ओळखीचं वाटलं, कारण माझ्या नोकरीबद्दल मी स्वतःला अगदी हेच सांगत आलो होतो.

रविवारी आमच्या एकुलत्या एका खोलीत, पलंगावर उशांना कॅनव्हास टेकवून मी रंगवायला बसायचो. बायको कपड्यांच्या घड्या घालायची. कुत्रा चांगला उतरत होता. पाठीचा कणा, खांद्याची हाडं, ताणलेली मान. साखळी त्याच्या गळ्यापासून निघून उजव्या कडेबाहेर जात होती, कुठल्या कठड्याकडे ते दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. चित्र पुरं झालं तेव्हा बायकोनं हातातला टॉवेल तसाच धरून बराच वेळ पाहिलं.

“हाई कुत्रं नही,” ती म्हणाली. “हाई तुम्ही शेतस.”

मी भडकलो. “माझ्या गळ्यात पट्टा आहे का?”

“मंग गळामा कार्ड टाकीसन जातस, ते काय शे?”

स्टुडिओचं ओळखपत्र दाराच्या खिळ्याला लटकत होतं, निळ्या फितीसकट. बायकोशी वाद घालावा, पण तिच्या बाजूला पुरावा असताना घालू नये.

सरांनी चित्राचा फोटो मागितला. माझ्या फोनवर तो पिवळट आला, म्हणून जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओच्या संगणकावर रंग नीट करायला घेतला. रंग झाले आणि माझ्या बोटानं सवयीनं रिपीट बघायचं बटण दाबलं. मी दाबलं नाही, बोटानं दाबलं. पडदा कुत्र्यांनी भरला. आणि चित्र जुळलं.

सांधा कुठेच दिसेना. उजव्या कडेबाहेर गेलेली साखळी डाव्या कडेतून, त्याच उंचीवर आत आली होती. कारण डावीकडच्या कोपऱ्यात मी साखळीचा एक सुटा तुकडा रंगवला होता. का रंगवला होता? जागा रिकामी वाटली म्हणून, एवढंच तेव्हा वाटलं होतं. जमिनीवरची सावली वरच्या भिंतीच्या करड्या डागाला जाऊन मिळाली होती. प्रत्येक कुत्र्याची साखळी पुढच्या कुत्र्याच्या मागून निघत होती आणि कठडा कुठेच नव्हता. कोणी कोणाला बांधलंय हेच कळत नव्हतं. खरा चित्रकार अशी चूक करणार नाही, त्याचा हात इतका बिघडलेला नसतो. आयुष्यात एक चित्र कडेपाशी संपवायला बसलो होतो आणि मला कडच काढता आली नव्हती. मला तिथे बसल्या जागी रडू आलं असतं, पण पाठीमागे स्टुडिओचे मालक, शेठ, उभे होते.

“आ कूतरो क्यांथी लाव्या?” त्यांनी विचारलं. “सरस छे. गाउनमां चालशे.”

मी म्हणालो, हे घरचं आहे, प्रदर्शनासाठी काढलंय. शेठ वाईट माणूस नाहीत. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. “पण सांकळ काढी नाखो. लेडीझने सांकळ नहीं गमे.” मग जरा थांबून, सहज आठवल्यासारखं म्हणाले, माल बाजारात पोचेपर्यंत हे चित्र बाहेर कुठे दिसायला नको. म्हणजे प्रदर्शन उरकल्यानंतरही बरेच दिवस.

नाही म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण बाजूच्या पडद्यावर संगणक आपला आपण फुलं काढत होता, आणि ती वाईट नव्हती. मी मान हलवली.

साखळी मीच काढली. पडद्यावर कडी कडी करून पुसली. मागे राहिली ती कुत्र्याची ताणलेली मान, आता विनाकारण ताणलेली. मला वाटलं, हे शेठना खटकेल, वेडंवाकडं दिसतंय.

“जुओ,” ते म्हणाले, “केवो खुश छे.”

आणि खरंच, साखळी गेल्यावर तो कोणाच्या तरी स्वागताला पुढे झाल्यासारखा दिसत होता.

सरांना मी फोनवर खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, “चित्र तुझं, भिंत माझी, आणि परवानगी शेठची?” मी म्हणालो, दुसरं काढतो. दोन रविवार बसलो. बैल काढला, कावळा काढला. पण ब्रश कडेकडे गेला की पलीकडची कड आपोआप डोळ्यापुढे यायची. बायकोनं शेवटी न विचारता रंग आवरून ठेवले आणि कुत्र्याचा कॅनव्हास तोंड भिंतीकडे करून कपाटामागे सरकवला. जागाच नव्हती दुसरी.

प्रदर्शनाला मी गेलो, नुसता बघायला. आत शिरलो आणि पाय थबकले. दोन चित्रांच्या मधे माझी जागा सरांनी हट्टानं रिकामी ठेवली होती. भिंतीत खिळा होता आणि त्याखाली आधीच छापून आलेलं कार्ड. वर ‘कुत्रा’, खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

एक जोडपं तिथे मान तिरकी करून उभं होतं. नवरा खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “वा. सुटलाय तो.” बायको म्हणाली, “किती धाडसी कल्पना.” तिनं रिकाम्या भिंतीचा फोटो काढला. कोणीतरी सरांना विचारत होतं की हे कलाकार आलेत का. सरांनी दुरून माझ्याकडे पाहिलं, सांगू का असं विचारल्यासारखं. मी मान हलवून नको म्हटलं आणि बाहेर येऊन रिक्षात बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं होतं, तेही न लावलेल्या चित्राचं. वाटेत मी एकटाच हसत होतो आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

थंडी सरता सरता माल बाजारात आला. शेठची नजर खोटी नव्हती, कुत्रा चालला. आधी पर्वत पाटियाच्या दुकानांबाहेर हँगरवर दिसला, मग हातगाड्यांवर, मग आमच्या कोसाडला. दर दोनचार गॅलऱ्यांआड दोरीवर माझे कुत्रे वाळत होते, गुलाबी, आकाशी, पिस्ता. सगळ्यांच्या माना पुढे काढलेल्या. बायकोनं एक गाउन विकत आणला आणि संध्याकाळी घालून स्वयंपाकाला लागली. मी पोळी खाली बघून खाल्ली.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी कामावरून आलो तर काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या, पिस्ता रंगाचा गाउन घालून. ताटलीत दूधभाकरी कुस्करत होत्या. शेजारी तो उभा होता, साखळी ताणून, मान पुढे काढून, आणि त्यांच्या गुडघ्यांवर, पोटावर, बाह्यांवर तोच, तसाच उभा होता.

“देख ना भाऊ,” त्यांनी गाउनचा घोळ माझ्यापुढे पसरला. “आम्हना बेटासारखाच शे ना? तीच मान, तेच कान.” त्यांनी कापडावरून हात फिरवला, कुत्र्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. “पन याले कोन्ही बांधेल नही. कसा मजामा शे.”

मला सांगायचं होतं. काकू, हा तोच आहे. तुमचाच आहे. तो मजेत नाही, त्याची साखळी मी पुसलीय, आणि कपाटामागे ती अजून आहे. गळ्यातलं कार्ड मी हातानं धरून ठेवलं.

“हाई चित्र कोन्ही काढं व्हई?” काकूंनी विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

काकूंनी ताटली माझ्या हातात दिली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मी वाकून ती त्याच्यापुढे सरकवली, साखळी पोचते तिथपर्यंत.