वरच्या मजल्यावरच्या काकांचं पचनशास्त्र

माणसाच्या पोटात काय चाललं आहे याची आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना जेवढी काळजी होती, तेवढी खुद्द त्या पोटालाही कधी वाटली नसेल. काका डॉक्टर नव्हते, वैद्यही नव्हते. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटे राहत. कधीतरी वेळ जाईना म्हणून त्यांनी माझ्या मुलीचं विज्ञानाचं पुस्तक वाचायला नेलं, ते पचनसंस्थेच्या धड्यापाशी आले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. हृदय, फुप्फुसं वगैरे मंडळींबद्दल त्यांना आदर होता, पण जिव्हाळा सगळा आतड्यांवर. पुस्तक परत आलं तेव्हा त्या धड्याची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झाली होती.

अशा माणसाला जेवायला बोलावणं म्हणजे धाडसच. पहिला घास घेताच ते डोळे मिटून म्हणत, "थांबा, लाळेला तिचं काम करू द्या." कोरडी पोळी खूप वेळ चावली की गोड लागते, कारण लाळ तिची साखर करते, हे त्यांनी एका सकाळी जिन्यातल्या सगळ्या पोरांना प्रयोगासहित पटवलं. पोरं इतकी मन लावून चावत बसली की स्कूल बस निघून गेली. एकदा आमच्याकडे ह्यांचे साहेब जेवायला आले होते. चौथ्या गुलाबजामला त्यांनी हात घातला, तोच काका अदबीने म्हणाले, "सर, अभी लिवर ने पूरियों के लिए पित्त भेजा है. थोड़ा टाइम दीजिए." साहेबांनी गुलाबजाम मुकाट्याने वाटीत ठेवला. ह्यांची बढती त्या वर्षी झाली नाही, पण त्याचा दोष मी काकांना देत नाही.

लहान आतडं वीस फूट लांब असतं यावर माझ्या मुलीचा विश्वास बसेना, तेव्हा काकांनी वीस फूट दोरी मोजून कापली आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली. दुपारी खालच्या पंजाबी भाभींनी तिच्यावर चादरी आणि दोन पायजमे वाळत घातले. "भाईसाब, बड़ा अच्छा किया, रस्सी लगवा दी," त्या म्हणाल्या. काका दुखावल्या आवाजात म्हणाले, "भाभीजी, ये रस्सी नहीं है, छोटी आँत है." भाभींनी पायजमे काढले, ते पुन्हा कधीच गच्चीवर आले नाहीत.

हे सगळं खपून गेलं असतं. खपत नसे तो त्यांचा सकाळचा प्रश्न. जिन्यात भेटेल त्याला, दूधवाल्यापासून अंडर सेक्रेटरीपर्यंत, काका विचारत, "काय, पोट साफ? रंग ठीक?" बायका त्यांच्या चपलांचा आवाज आला की दार लोटून घेत. त्यात माझी आई पहिली. वडील गेल्यावर ती साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली होती, आणि परपुरुषाने असलं काही विचारावं हे तिच्या कल्पनेबाहेरचं होतं. तिचे गुडघे दुखत. त्यासाठी कुणी सुचवलेल्या वेदनाशामक गोळ्या ती उपवासाच्या दिवशीही रिकाम्या पोटी चहाबरोबर घ्यायची, कारण गोळीने उपवास मोडत नाही अशी तिची खात्री होती. आणि तिचे उपवास आठवड्यात तीन.

एका मे महिन्यात भाजी घेऊन वर येताना आई जिन्यातच बसली. चेहरा पांढराफटक. ऊन लागलं असेल म्हणून मी पाणी आणायला वळले, एवढ्यात काका खाली उतरले आणि सवयीने म्हणाले, "पोट साफ आहे ना, आई?" माझं डोकं फिरलं. "काका, प्लीज यार, निदान आत्ता तरी!" मी ओरडलेच. काका हलले नाहीत. आईसमोरच्या पायरीवर बसून त्यांनी हळूच विचारलं, "काळं होतंय का? डांबरासारखं?" आईने पदर तोंडाला लावला. मग मान हलवली आणि तीन बोटं दाखवली. तीन दिवस! मला एका शब्दाने बोलली नव्हती.

"जठरात रक्त सांडतंय," काका उठत म्हणाले. "तिथल्या आम्लात ते काळं पडतं आणि तसंच खाली येतं. मी ऑटो आणतो. चलो."

हॉस्पिटलात आईला रक्त चढवलं. गोळ्यांनी जठराला जखम झाली होती. आणखी एक दिवस घरी काढला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर मी काकांची माफी मागितली आणि न राहवून विचारलं, "असं विचारायची तुम्हाला लाज नाही वाटत?"

"वाटते ना. फार वाटते," काका म्हणाले. त्यांचे कान खरोखरच लाल झाले होते. "रोज दार उघडण्याआधी मी दोन मिनिटं आत नुसता उभा असतो. पण अगं, इतकी वर्षं ऑफिसात काय केलं? फाइल अडली की टेबलाटेबलावर जाऊन विचारायचं. लोक वैतागतात. पण आपण लाजलो तर ती तिथेच पडून राहते."

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. काका निवृत्त होऊन दिल्लीतल्याच द्वारकेला राहायला गेले, दोन-तीनदा भेट झाली, मग तेही गेले. परवा माझ्या मुलीचा बंगळूरहून फोन आला. दिल्लीत वाढलेली पोर, तिचं निम्मं बोलणं हिंदीत. म्हणाली, "आई, तिन्हीसांजेला दिवा लावला आणि घरची आठवण आली." तिन्हीसांज हा शब्द मी तिला शिकवलेला नाही. मी स्वतः तो किती वर्षांत उच्चारला नव्हता. तो तिच्या आजीचा, त्या नऊ वर्षांतला. काका, ती वर्षं आम्हाला तुमच्यामुळे मिळाली. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. मी लाजले.