रिकामा कॅमेरा

अख्खी गल्ली त्या फोटोग्राफरला थांबासाहेब म्हणायची. गिऱ्हाइकाला स्टुडिओत बसवलं की हा गृहस्थ "थांबा, थांबा" करत तासभर गप्पाच मारायचा. लोक कॅमेऱ्यापुढे लाकडासारखे ताठ होतात, म्हणून आधी रिकाम्या कॅमेऱ्याने दोनचार फोटो काढल्यासारखं करायचं आणि माणूस सैलावला की रोल भरायचा, ही त्याची रीत. "चेहरा कुणीही काढतो हो. मला आतला माणूस हवा," हेही वर ऐकवायचा.

त्या दुपारी एक बाई वडिलांना घेऊन आली. म्हातारबुवा जन्मभर शिंपीकाम केलेले. तिने फोटोग्राफरला बाजूला घेतलं. "उद्या सकाळी बाबांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर खात्री देत नाहीत. घरात त्यांचा एक धड फोटो नाही. हसरा काढा."

एक पाय आखूड शिवलेल्या पहिल्या पँटची गोष्ट सांगताना म्हातारबुवा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. फोटोग्राफरने भराभर पाच फोटो घेतले. स्वारी खूश!

संध्याकाळी डार्करूमच्या अंधारात त्याने कॅमेरा उघडला, आत बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. रोल नव्हताच. गप्पांच्या नादात शहाणा तो भरायलाच विसरला होता.

उद्या काही बरंवाईट झालं तर त्या मुलीला काय दाखवायचं? कॅमेरा आणि नवा रोल उचलून पावतीवरच्या पत्त्याकडे तो धावतच सुटला. रोल खराब निघाला असं सांगायचं, हे वाटेत चारदा घोकलं. पण दार म्हातारबुवांनीच उघडलं आणि त्याच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. मुलगी औषधं आणायला गेली होती.

"माझ्या हातून फार मोठी चूक झाली," तो म्हणाला. रोल भरायला घेतला तर तोही हातातून निसटला.

"अरे, बस आधी. असा घाबरतोस काय लेका?" म्हातारबुवा म्हणाले आणि मान किंचित कलती करून त्याच्याकडे बघत राहिले. हसायला सांगायचं त्याला सुचलंच नाही. त्याने फोटो काढला.

म्हातारबुवा ऑपरेशनमधून परतले नाहीत. पंधरा दिवसांनी मुलगी आली, तेव्हा फोटोग्राफरने फोटोचं पाकीट पुढे केलं.

"हे हसत कुठे आहेत? त्या दिवशी तर किती हसले होते!"

त्याने झालं ते सगळं सांगितलं. आता ही फोटो तोंडावर फेकणार, अशा तयारीने तो उभा राहिला. ती फोटो खिडकीपाशी नेऊन बघत बसली.

"लहानपणी मला दवाखान्यात न्यायचे ना, तेव्हा असेच बघायचे," ती म्हणाली. "तुम्हाला काय म्हणत होते?"

तोही खिडकीपाशी आला.

"घाबरू नकोस म्हणत होते."