सीटखालची वायर

धाकट्या भावाने नवी गाडी घेतली त्याला चार महिने झाले असतील. एका रविवारी सकाळीच त्याचा फोन आला. "दादा, ड्रायव्हरची सीट पुढे जाऊन अडकलीय. बटण दाबलं तरी हलत नाही. दुपारी परदेशातल्या साहेबांना आणायला विमानतळावर जायचंय आणि सर्व्हिस सेंटर बंद आहे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि खाली कुणासमोर मोठ्याने जयभीम नको घालूस. इथली माणसं वेगळी आहेत."

मी विश्रांतवाडीहून बसने हडपसरला त्याच्या सोसायटीत गेलो. हडपसरच्याच एका कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन होतो. तो बंद पडल्यावर घरीच वायरिंगची कामं घ्यायचो. आमचे वडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. तो इंजिनिअर व्हावा म्हणून मी पुढे शिकलो नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

भावजय उंचीने कमी, ती सीट पार पुढे घेऊन गाडी चालवायची. भाऊ चांगला सहा फुटी, त्याला स्टिअरिंगमागे शिरताच येईना. बटण दाबलं की सीटखाली टक् असा रिलेचा आवाज यायचा, पण मोटर फिरत नव्हती. फ्यूज चांगला होता. मी मागच्या दाराने आत शिरलो, पाय बाहेर ठेवून गाडीच्या तळावर आडवा झालो आणि टेस्ट लॅम्प लावला. बटणापाशी दिवा लागला, मोटरपाशी लागेना. मधेच कुठेतरी वायर तुटलेली होती.

मी गाडीच्या बॅटरीची वायर काढली आणि पुन्हा आत शिरून बोटांनी चाचपत होतो, तेवढ्यात शेजारचा माणूस आला.

"अरे वा, मेकॅनिक घरी येतो का? कुठला आहे?"

"ओळखीचा आहे," भाऊ म्हणाला. "कामाला बरा आहे."

माझा हात थांबला. वाटलं, तसंच उठून निघून जावं. पण वायर हाताला लागली होती. सीट रोज मागेपुढे होताना रुळात चेपून ती तुटली होती. मी टोकं सोलली, जोड दिला, टेप गुंडाळली आणि रुळापासून लांब बांधली. बॅटरी जोडून बटण दाबलं. सीट घरघरत मागे गेली.

बाहेर आलो तर शेजारी हसून म्हणाला, "अहो, नंबर देऊन ठेवा. आमच्या गाडीचं पण बघायचंय."

"मी गाड्यांची कामं करत नाही. मी ह्याचा थोरला भाऊ आहे."

शेजाऱ्याने भावाकडे पाहिलं. भाऊ हसला. "हो, हो. इतकी वर्षं ओळख आहे, आता भावासारखाच आहे."

मग शेजारीही हसला. त्याला ते पटलं.

आई भावाकडेच राहायची. ती नेमकी ट्रेमध्ये चहा घेऊन खाली आली होती. तिने सगळं ऐकलं असणार. मी तिच्याकडे पाहिलं. ती कपांकडे बघत म्हणाली, "चहा घ्या."

जन्मभर मला 'ए, चहा घे' म्हणणारी ती बाई. ती आम्हा तिघांना म्हणाली की मला एकट्याला, ते मला आजही सांगता येत नाही. मी चहा घेतला नाही. अवजारं पिशवीत भरली आणि गेटकडे निघालो.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "थँक्स दादा, सीट मस्त चालतेय."

त्यानंतर मी त्याच्या घरी गेलो नाही. आईला भेटायला जायचो, पण तिला सोसायटीबाहेरच्या बागेत बोलवायचो. ती काठी टेकत यायची, माझ्या मुलांची चौकशी करायची. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

ती गेली तेव्हा स्मशानभूमीत भाऊ माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "एवढं मनाला लावून घ्यायला नको होतंस, दादा."

"घेतलं," मी म्हणालो.