पाटावरची जागा

यंदा खंडेनवमी शुक्रवारी आली, म्हणजे कुवेतमध्ये सगळ्यांनाच सुट्टी. बायकोच्या थोरल्या भावाने सलवामधल्या त्याच्या फ्लॅटवर पूजा ठेवली होती. ज्याने त्याने आपल्या पोटापाण्याचं हत्यार घेऊन यावं, असा निरोप होता. पाटावर दादांचा लॅपटॉप होता, वहिनींची शिलाईची कात्री, भाचीची ढोलकी आणि माझ्या बायकोचा स्टेथोस्कोप. ती इथे नर्स आहे. मी माझा बेसबॉलचा ग्लव्ह ठेवला.

हा ग्लव्ह फर्स्ट बेसवर उभं राहणाऱ्याचा. चेंडू मारला की मारणारा आधी फर्स्ट बेसकडे पळतो. तो पोचायच्या आत बाकीचे चेंडू उचलून माझ्याकडे फेकतात आणि मी एक पाय बेसवर ठेवून तो झेलला की मारणारा बाद. फेकणारे घाईत असतात. चेंडू डोक्यावरून येतो, पायाशी टप्पा खाऊन येतो, कधी पळणाऱ्याच्या खांद्याआडून येतो. झेलला तर कौतुक फेकणाऱ्याचं. सुटला की सगळं मैदान माझ्याकडे बघतं. जळगावला शाळेत होतो तेव्हापासून मी हेच करत आलोय, आणि शेजारच्या देशातल्या व्यावसायिक लीगमध्ये एक आख्खा हंगाम याच कामाचा पगार घेतलाय. पुढच्या हंगामाला त्यांनी बोलावलं नाही, म्हणून मी इथल्या राई भागातल्या एका शोरूममध्ये व्यायामाची यंत्रं विकायला लागलो.

यंदा त्यांचं पुन्हा बोलावणं आलं होतं, चाचणीसाठी. तिशी मागे पडलेल्या खेळाडूला असं बोलावणं परत येत नसतं. शोरूममध्ये रजा टाकायची की नाही, यावर आमच्या घरी आठवडाभर खल चालला होता. बायकोने अजून हो म्हटलं नव्हतं.

दादांनी ग्लव्हकडे बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "हे हत्यार नव्हे हो, खेळणं आहे. त्यात चामड्याचं. पूजेत नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्लव्हला खेटून ती ढोलकी होती. तिला काय प्लास्टिक लावलंय? मी तसं विचारलंसुद्धा. ते हसले आणि म्हणाले, ढोलकी ही कला आहे. कला! भाची क्लासला जाते ती तिथल्या एसीसाठी, आणि तिला काही विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं. तिचं पोट ढोलकीवर चालतं काय?

एवढ्यावर थांबतील तर ते दादा कसले. जमलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी विचारलं की त्या लीगमध्ये मी धावा किती काढल्या. काढायच्या तेवढ्या काढल्या, पण मी अडवलेल्या कोणी विचारतच नाही. मग फुकटचा सल्ला आला: आता संसारी माणसाने हे सोडावं, शर्कमधल्या त्यांच्या ऑफिसात स्टोअरला जागा निघतेय, ते शब्द टाकतील. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मला ती सगळी माणसं एकदम नकोशी झाली.

एवढ्यात बायको उठली. तिने ग्लव्ह पाटावरून उचलला आणि दाराकडे गेली, जिथे सगळ्यांच्या चपला होत्या. दादांचं बोलणं मी एक वेळ गिळलं असतं, पण हे नाही गिळवलं. चपलांत ठेवणार ही माझा ग्लव्ह!

ती दाराशी ठेवलेली पर्स घेऊन, ग्लव्ह काखेत धरूनच परत आली, पाटावरचा स्टेथोस्कोप उचलून पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाली, "अहो, चला. आपण घरी पूजा करू."

"अगं, आरती तरी होऊ दे," दादा म्हणाले.

"आमचं घर एक वर्ष याच्याच पगारावर चाललंय, दादा."

ती एवढंच बोलली. आम्ही चपला घालत होतो तेव्हा ऑफिसातून कसलासा मेसेज आला आणि दादांनी लॅपटॉप पाटावरून मांडीवर घेतला. त्याच्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं. हत्यार म्हणे!

गाडीत मी घर येईपर्यंत धुमसत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने पाट मांडला, त्यावर ग्लव्ह आणि शेजारी स्टेथोस्कोप ठेवला. कुंकवाचं बोट ती चेंडू बसतो त्या खळग्याकडे नेत होती, तेव्हा मी तिच्यावरही खेकसलो की तिथे नको, मनगटाच्या पट्ट्याला लाव. तिने पट्ट्याला लावलं.

रोज संध्याकाळी मी खाली पार्किंगच्या भिंतीवर चेंडू मारून झेलायचा सराव करतो. त्या संध्याकाळीही सवयीने बूट घातले आणि पाटाकडे हात नेला.

"त्याला हात लावू नका," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज त्याची सुट्टी आहे. तुमची उद्या शोरूममध्ये टाका."