बहिनी

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं की माझी ओळख अजूनही "या नेपाळच्या भूकंपात सापडल्या होत्या" अशी करून देतात. समोरची बाई "अगं बाई" म्हणते आणि माझ्याकडे जरा जपून बघायला लागते. मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, मला आठवणींचा त्रास होतो. त्रास होतो हे खरं, पण त्यांना वाटतो तो नाही. पन्नाशी उलटली, आता सांगून टाकते. भूकंपानंतरच्या त्या दिवसांत मी सुखात होते.

यांची काठमांडूला बदली झाली तेव्हा मुलगा सातवीत होता. त्याची शाळा मोडायला नको म्हणून त्याला सासूबाईंकडे ठेवलं आणि मी नोकरी सोडून यांच्याबरोबर गेले. हे सकाळी ऑफिसला जायचे, मी दिवसभर दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात. भाषा येत नव्हती, ओळखी नव्हत्या. खाली राहणारी घरमालकीण जिन्यात भेटली की विचारायची, "बहिनी, खाना खायौ?" मला ते 'वहिनी' ऐकू यायचं. पुण्यात भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळेच मला वहिनी म्हणतात, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. आणि आम्ही जेवलो की नाही याच्याशी हिला काय करायचंय, असं मनात म्हणून मी हसायचे आणि वर निघून जायचे. दोनेक वर्षं आमचं बोलणं एवढंच.

भूकंप झाला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पाण्याच्या टाकीचं झाकण उडालं, पाणी अंगावर आलं आणि मी तिथेच खाली बसले. खाली कसं जायचं तेच सुचेना. इमारत अजून हलत असताना घरमालकीण दोन जिने चढून वर आली, माझा दंड धरला आणि मला ओढत खाली घेऊन गेली. यावर मी अधिक काही लिहू शकत नाही. बाई वर आली, एवढंच.

घराला भेगा गेल्या. गल्लीतली सगळी माणसं शेजारच्या फ्लॉवरच्या शेतात जाऊन राहिली. बांबू रोवले, वर ताडपत्री बांधली आणि खाली सतरंज्या टाकल्या. हे संध्याकाळी ऑफिसातून चालत आले आणि आम्ही दोघंही त्यांच्यातच राहिलो. दुसऱ्या दिवशी बातमी आली की घरमालकिणीची आई गावाकडे घराखाली सापडून गेली. डोंगर कोसळून रस्ता बंद होता, त्यामुळे तिला जाता आलं नाही. तिने पांढरी साडी नेसली, आईच्या नावाने सुतक फिटेपर्यंत मीठ सोडलं आणि सगळ्यांसाठी एका मोठ्या पातेल्यात भात-डाळ रांधायला बसली. तिला चव घेता येईना, म्हणून तिने मला हाक मारली, "बहिनी, मीठ बघ."

त्या दिवसापासून मीठ बघण्याचं काम माझ्याकडे आलं. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात नैवेद्याआधी चव घेण्याची सोय नव्हती आणि नंतर माझं मत कोणी विचारत नसे. इथे मी "बास" म्हटल्याशिवाय पातेलं उतरत नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने मी नेहमी मीठ कमीच सांगते म्हणून माझं नाव 'फिक्की' ठेवलं. जमीन पुन्हा हलायची तेव्हा आधी कावळे ओरडत उठायचे, मग आम्ही सगळ्या एकमेकींचे हात धरायचो. हादरा थांबला की कोणीतरी काहीतरी बोलायचं आणि हशा व्हायचा. अशाच एका गप्पांत कळलं की बहिनी म्हणजे वहिनी नव्हे, धाकटी बहीण. दोन वर्षं ती बाई मला जिन्यात बहीण म्हणत होती आणि मी तिला चौकस समजत होते.

मुलाचा फोन यायचा. "आई, कधी येणार?" मी म्हणायचे, लवकरच. भारत सरकारची विमानं आपल्या लोकांना घेऊन जात होती. यांनी खटपट करून माझा नंबर लावला. मी म्हटलं, लहान मुलं असलेल्या बायकांना आधी जाऊ द्या, मी पुढच्या विमानाने जाते. पुढचं आलं तेव्हाही तेच म्हटलं. हे माझ्याकडे मोठ्या आदराने बघायला लागले. खरं कारण असं होतं की मला जायचंच नव्हतं. माझा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा तिकडे टीव्हीवर पडलेली घरं बघत जेवत नव्हता, आणि मी इकडे पातेल्यावर वाकून "अजून चिमूटभर" म्हणत होते.

घरमालकिणीचं मीठ सुरू झालं त्या सकाळी आम्ही दोघी पालक निवडत बसलो होतो. ती अर्धी हिंदी, अर्धी नेपाळी बोलायची. तिचं बोलणं मी मराठीत लिहिते.

"तू रोज केस विंचरताना गुणगुणतेस," ती म्हणाली. "पहिल्यांदा मला तुझा फार राग आला. माझी आई गेली आणि ही गाते. तुला इथे बरं वाटतंय ना, बहिनी?"

मी म्हटलं, "नाही हो दीदी. काहीतरीच काय? कधी एकदा घरी जाते असं झालंय मला."

तिने माझ्याकडे बघितलं, "मग जा," म्हणाली आणि पालक धुवायला उठली.

त्यानंतरच्या विमानाने मी गेले. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मुलगा सगळ्यांसमोर मला बिलगला. वरच्या मजल्यावरच्या काकू मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "तंबूत राहून तब्येत सुधारलीय की." सगळे त्यांच्यावर चिडले. मी चिडले नाही. पुण्यात तेवढ्या एकाच बाईला खरं दिसलं होतं.

पुढे यांचीही बदली पुण्याला झाली. घरमालकिणीने घर नव्याने बांधलं. दर दसऱ्याला तिचा फोन येतो आणि ती बोलावते. मी दरवेळी काहीतरी कारण सांगायचे. कधी सासूबाईंचं आजारपण, कधी मुलाची परीक्षा, कधी माझा गुडघा. तिच्यासमोर बसून जेवायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

यंदा फोन आला तेव्हा मी कारण सांगायला तोंड उघडलं आणि बोलून गेले, "दीदी, तेव्हा मी खोटं बोलले. मला खरंच बरं वाटत होतं. तुझी आई गेली होती, माझा मुलगा रडत होता, आणि तरीही."

ती म्हणाली, "माहीत होतं मला. पण तू नाही म्हणालीस ते बरं केलंस. त्या दिवशी तू हो म्हणाली असतीस, तर मी तुला कधी माफ केलं नसतं."

"आणि आता?"

"आता बरं वाटतं. माझ्या आईच्या त्या दिवसांत कोणीतरी सुखात होतं म्हणायचं. येणार आहेस की पुन्हा गुडघा दुखतोय?"

मी हसले. मग रडले, मग पुन्हा हसले. तिकडे तिचंही तसंच काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं.

फोन ठेवून मी बाहेर आले. हे पेपर वाचत होते.

"अहो, काठमांडूची तिकिटं बघा ना."

"एवढ्या वर्षांनी? आज काय निघालं?" ते चष्मा शोधायला लागले. "दोन ना?"

"तीन," मी म्हटलं. "पोरालाही यायला सांगा. त्याला रजा नसेल तर त्याला सुट्टी मिळेल तेव्हाची काढा. मला त्याला तिथे नेऊन तेव्हाचं काही सांगायचंय."