कलहारीतली परवडणारी खोली

अख्ख्या आफ्रिका खंडात राहण्याजोगी एकही खोली नाही असं ठाम मत असलेला, आणि स्वतः सातारा जिल्ह्याच्या पुढं कधीही न गेलेला माणूस उभ्या सांगलीत एकच होता, आणि तो नेमका आमचा घरमालक होता. हळदीची दलाली करणारे हे गृहस्थ धर्मानं जैन, अंगानं काटकुळे. डोक्याला काळी टोपी आणि हातात दिवसाढवळ्या कंदील. कंदिलाचं कारण धंद्यातलं. तिकडं हळद जमिनीत खोल खणलेल्या पेवात साठवायची पद्धत. बरेच दिवस बंद असलेलं पेव उघडलं की आत माणूस उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली तर आतली हवा वाईट, तगली तर उतरायला हरकत नाही. आमच्या घरमालकांनी ही रीत पेवातून वर काढून सगळ्या जगाला लावली होती. धर्मशाळा असो, लॉज असो, नाहीतर व्याह्यांचं माजघर असो, हे उंबऱ्याबाहेर उभे राहून हात लांब करून कंदील आत धरत, ज्योतीकडं टक लावून बघत आणि मगच पाऊल टाकत.

कंदिलानं पास केलेल्या खोलीची पुढची परीक्षा मग ते स्वतः घेत. उशीचा वास घेत, माठातलं पाणी स्वतःच्या फडक्यानं गाळून फडक्यावर काय उरलं ते उजेडात धरत, खाटेखाली वाकत, आणि शेवटी मालकाला विचारत, "तुमी सवता कुठं झोपता?" मालक दुसऱ्या घरी झोपतो असं कळलं की खोली नापास. साताऱ्याला कोर्टाच्या एका कामासाठी गेले असता त्यांनी एका लॉजवाल्याला एवढं छळलं की तो हात जोडून म्हणाला, "शेटजी, एक रात काढणार हाय का लॉज इकत घेणार हाय?" फलटणला एका लग्नात वराकडचे म्हणून त्यांना चांगलं दोन खणांचं जानवसघर दिलं होतं. ते त्यांच्या मनास आलं नाही. सारी रात्र ते मांडवाबाहेरच्या बैलगाडीत झोपले आणि सकाळी वधूपित्याला सांगू लागले, "गाडीची हवा लय चांगली व्हती." स्वस्ताईचा आग्रह मात्र कंजूषपणातून आलेला नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की महागाची खोली माणसाला झोपू देत नाही, भाडं छातीवर बसतं.

मी त्यांच्याकडं राहायला कसा आलो ते आता सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. मी मूळचा मेढ्याकडचा. वडिलांनी छप्पन साली बाबासाहेबांच्या पाठोपाठ दीक्षा घेतली आणि आम्ही बौद्ध झालो. पुढं शिकून मी सांगलीच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो आणि नव्या नवरीला घेऊन खोली शोधत फिरू लागलो. खोल्या सगळीकडं असत. गाव विचारेपर्यंत असत, आडनाव सांगेपर्यंत असत, आणि मग कुणाचा तरी भाचा अचानक राहायला यायचा असे. सांगलीत त्या साली एवढे भाचे राहायला आले की शहराची वस्ती दुप्पट व्हायला हवी होती! ह्या घरमालकांच्या दारात गेलो तेव्हा मी इतका विटलो होतो की नमस्कार करायच्या आधीच म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत, आधीच सांगतो."

"ते असू द्या," ते म्हणाले. "घोरता का?"

नाही म्हणालो. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरात सूर्य बुडाल्यावर चूल पेटत नाही, कुणी जेवत नाही. आमचं आम्ही रात्री जेवलो तरी चालेल, फक्त मांसमच्छी घरात नको. वरची खोली दाखवायच्या आधी आम्हाला एक रात्र आमच्या एका नातेवाइकाकडं काढायला लावली. का, ते मागाहून कळलं. त्या रात्री ते स्वतः त्या खोलीत झोपून बघणार होते. सकाळी म्हणाले, "वायव्येकडनं वारं येतंय. बाईमाणसाला सर्दी व्हईल. पूर्वेची घ्या." पूर्वेची खोली त्यांचं स्वतःचं देवपूजेचं सामान ठेवायची होती. ती त्यांनी रिकामी करून दिली, वर भाडं तेवढंच. असा माणूस कितीही विचित्र असला तरी त्याच्यावर रागवायची माझी प्राज्ञा नव्हती, आजही नाही.

महिनाभरानं त्यांनी माझ्या इंग्रजीचा भाव विचारला, आणि आफ्रिका माझ्या आयुष्यात शिरली. त्यांचा धाकटा भाऊ पुष्कळ वर्षांपूर्वी तिकडं गेला होता. दक्षिण आफ्रिकेच्या वरच्या अंगाला बेचुआनालँड म्हणून मुलूख होता (आता त्याचं नाव बदललं आहे). तिथं कलहारीच्या वाळवंटाच्या कडेला एका गुजराती व्यापाऱ्याच्या दुकानात तो मुनीम होता. दर दिवाळीला त्याचं कार्ड येई: दादा, एकदा येऊन जावा. दादांचं उत्तर दर वर्षी तेच जाई: येतो, पण तुझ्या घरी उतरणार नाही, जवळपास स्वस्त लॉज असेल तर कळव. धाकट्यानं थोरल्याला "का" म्हणून विचारायचं नाही ही त्यांच्या घरची शिस्त. तो बिचारा मुकाट्यानं, वाळवंटातले प्राणी बघायला येणाऱ्या हौशी लोकांसाठी जी कुठली उतरायची ठिकाणं असतील त्यांची पत्रकं जमवून धाडत असे. ती वाचून दाखवणं आणि लॉजवाल्यांना इंग्रजीतून पृच्छा करणं हे काम माझ्याकडं आलं. मला साऱ्या सांगलीत जागा मिळत नव्हती आणि ह्या गृहस्थांना साऱ्या आफ्रिकेत जागा पसंत पडत नव्हती, अशी आमची जोडी जमली.

त्या लॉजवाल्यांनी माझी पत्रं वाचून काय समज करून घेतला असेल ते तेच जाणोत. पाणी कुठल्या विहिरीचं? गाळता का? गाळायचं फडकं किती पदरी? मालक स्वतः कुठं झोपतो? खोलीत आलेला विंचू मारता की बाहेर सोडता? एकानं उत्तर धाडलं की आमचे तंबू स्वस्त आहेत, संध्याकाळी जीपमधून सिंह दाखवतो आणि परत आल्यावर आठ वाजता जेवण. घरमालकांनी ते पत्र मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "सिंव्हाचं जाऊ द्या मास्तर, त्यो जनावर हाय. रातीला जेवणारच. पर ह्यो म्यानेजर का आठ वाजता जेवतो?" तंबू नापास. दुसऱ्यानं कळवलं की वाळवंटात पाणी मोजून मिळेल. त्यासाठी त्यांनी मला उन्हाळ्याच्या सुट्टीत माण तालुक्यात सरावाला नेलं. रखरखीत माळ, कुठंतरी एखादा चिंकारा पळतोय, आणि आम्ही दोघं एका लोट्यावर दिवस काढतोय. दुपारी मला भोवळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या वाटणीचं पाणीही मलाच पाजलं आणि म्हणाले, "तुमी नापास. पर मी पास."

एकदा मात्र एक पत्र मी वाचून दाखवीना. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा सांगावंच लागलं. लॉजवाला म्हणत होता की आमच्याकडं फक्त गोऱ्या लोकांची सोय आहे. ते माझ्याकडं बघत राहिले. "तुमाला हितं आसंच सांगत व्हते न्हवं?" मी मान हलवली. त्यांनी पत्र घेतलं, त्याच्या चार घड्या केल्या आणि हलणाऱ्या पाटाखाली टेकू म्हणून सरकवलं. "कंदील न धरताच नापास," ते म्हणाले. त्यानंतर तो पाट कधी हलला नाही.

त्या माणच्या माळावर संध्याकाळी मी त्यांना विचारलं होतं, की भावाचं घर असताना ही लॉजची भानगड कशाला? तेव्हा त्यांनी सांगितलं. धाकटा अठरा-एकोणीस वर्षांचा असताना कुस्त्या बघायला गेला आणि दिवेलागणीनंतर घरी आला. दिवसभराचा उपाशी. वडील वारलेले, घरात थोरले हेच. त्यांनी दारात उभं राहून सांगितलं, चूल विझली, आता सकाळी. धाकटा पाणी पिऊन झोपला आणि पहाटे निघून गेला तो मुंबईला, आणि तिथून बोटीनं पार. "आता त्याच्या घरात रातीची चूल पेटत आसंल," घरमालक म्हणाले. "मी गेलो की माझ्यापायी बंद ठेवंल. पुन्यांदा माझ्यामुळं त्यानं उपाशी निजायचं? नगं रं बाबा. लॉजच बरं." हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या दिवसापासून मी लॉजवाल्यांना जास्त मन लावून पत्रं लिहू लागलो. भाऊ भेटायला हवा होता, आणि दोघंही आता पिकली पानं होती.

शेवटी थोरला जाईना म्हणून धाकटाच निघाला. तार आली, आणि आमच्या घरात पळापळ झाली. घरमालकांनी सगळ्यांना अंगणात काढलं, स्वतःच्याच माजघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून कंदील आत धरला आणि स्वतःचंच घर तपासलं. उशी हुंगली, माठ पालथा केला, खाटेखाली वाकले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, पदर तोंडाला लावून हसत होत्या. "हसू नगा," ते ओरडले, "पाव्हणा वाळवंटातनं येतोय!" आपलं राहतं घर त्यांनी नापास केलं आणि रंगारी बोलावला.

गाडी दुपारची होती. काकींनी पुरणावरणाचा स्वयंपाक केला. गाडी दुपारी आली नाही, चार वाजता आली नाही. पाच वाजता कुणीतरी सांगितलं की ती माधवनगरच्याही खूप पलीकडं कुठंतरी उभी आहे. सूर्य कलला तसे घरमालक अंगणात येरझाऱ्या घालू लागले. मावळला तेव्हा काकींनी नेमाप्रमाणं चूल विझवली, उरलेलं अन्न वाटून टाकलं. तेवढ्यात कोपऱ्यावर टांगा वाजला. घरमालक टांग्याकडं न जाता आमचा जिना चढून वर आले. आमच्या दारात ते आजवर उभे राहात, आत येत नसत. आमच्या हातचं त्यांनी कधी खाल्लं नव्हतं, आणि मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते थेट स्वयंपाकाच्या जागेपर्यंत आले.

"पोरी, तुझी चूल पेटीव. माझा भाऊ उपाशी आलाय."

माझ्या बायकोनं भाकरी थापल्या, मुगाची आमटी केली, कांदालसूण न घालता. ताट घरमालकांनी स्वतः उचललं आणि जिना उतरले. खाली धाकटा हातपाय धुऊन बसला होता. डोक्याचे सगळे केस पांढरे, चेहरा उन्हानं करपलेला. तो ताटाकडं बघत राहिला.

"दादा, ह्या घरात रातीची चूल?"

"तुझ्यासाठी पेटवलीया. जेव."

"मी न्हाई जेवत रातीचं," धाकटा हळू म्हणाला. "हितनं गेलो तवापासनं कवाच जेवलो न्हाई."

"तिथं कोण बघत व्हतं तुला?"

"कोण न्हाई. पर तेवढं एक सोडलं आसतं तर घरच सुटलं आसतं की, दादा."

घरमालकांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "मग ती लॉजं... एवढी वर्षं... रं गड्या, तू सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?"

मग दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसले आणि हसता हसता रडले. मधल्यामध्ये ताट निवत होतं. ते शेवटी माझ्याकडं परत आलं. मी ते जेवलो.

सकाळी सूर्य दोन घटका वर आला तसे दोघे भाऊ जिना चढून आमच्या दारात आले. काकींची चूल खाली केव्हाच पेटली होती. घरमालक म्हणाले, "पोरी, रातची आमटी त्यानं नुसती बघितली. आता ताजी कर, तुझ्याच हातची. आमी दोघं हितंच जेवणार." आणि ते आत येऊन आमच्या चुलीपुढं मांडी घालून बसले.

धाकटा महिनाभर राहून परत गेला. पुढं आफ्रिकेत जायचा योग काही घरमालकांना आला नाही. पासपोर्टाचं जमेपर्यंत गुडघे गेले. पण पत्रकं मागवणं बंद झालं, आणि दिवाळीच्या कार्डात ते माझ्याकडून लिहून घेऊ लागले, "येईन तेव्हा तुझ्याच घरी उतरेन." आता दोघेही नाहीत. पुढं मी पुष्कळ गावांत बदलून गेलो, कुठं चांगली घरं मिळाली, कुठं पुन्हा भाचे आडवे आले. भाचे आडवे आले की मला ती सकाळ आठवते आणि धीर येतो. जेवण झाल्यावर घरमालकांनी हात धुतला, कंदील न मागता आमच्या त्या एवढ्याशा खोलीवरनं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीवरनं नजर फिरवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक खोली पास केली.

"मास्तर," ते म्हणाले, "जागा चांगली हाय तुमची."

घर त्यांचं होतं. पण ते "तुमची" म्हणाले.