बाळकुमच्या घरात अपडेट का फेल व्हायचा

मंडळी, दुपारी बाळकुमला जाऊन आलोय, तेव्हापासून कामात लक्ष नाही.

तिथल्या एका काकांची जुनी सिस्टिम, दोन हजार साल उजाडायच्या आत अपडेट करायची होती. दरवेळी सीडी टाकून, सुरू करून मी निघालो की मागे फेल. म्हणून आज शेवटपर्यंत बसलो. मशीन रीस्टार्ट झालं, नवी ट्यून वाजली, आणि काकूंनी धावत येऊन मेन स्विचच बंद केला!

"अगो, दरवेलेला तूच बंद करतेस काय?" काका ओरडले.

काकू रडायला लागल्या. "माजा पोऱ्या बोलला नाय."

त्यांचा मुलगा गेल्या वर्षी अपघातात गेला. सुरुवातीच्या ट्यूनच्या जागी त्याने स्वतःचा आवाज टाकलेला. अपडेट मध्येच तुटला की जुनी सिस्टिम परत यायची, आणि तो आवाजही.

मी ती फाइल शोधून फ्लॉपीवर घेतली, अपडेट पूर्ण केला, आवाज परत लावला.

"आये, मी आलू गो!"

"ये रं बाला, जेवाला बस," काकू म्हणाल्या. काकांनी तोंड फिरवलं.

निघताना काकूंनी विचारलं, "आता तो कुठं जानार नाय ना?"

मी म्हणालो, "नाही जाणार." मशीन किती टिकतं, फ्लॉपी किती टिकते, तुम्हाला माहितीये. तुम्ही काय सांगितलं असतं?